राखणीची करवंटी

शनिवारची सकाळची शाळा सुटून पूर्वी घरी आली तेव्हा अकरा वाजले होते. आठ दिवसांच्या पावसानंतर ऊन असं काही पडलं होतं की मिरकरवाड्यातल्या पत्र्यांकडे बघवत नव्हतं, आणि ओटीवर भिंतीला टेकून बसलेले बाबा म्हणाले, "कोण, पूर्वी काय? दिवा लाव गो वाईच." ती हसली. बाबांचं हे नेहमीचंच. भर पावसात ते 'छत्री मिट, ऊन लागेल' म्हणायचे, परीक्षेच्या दिवशी 'आज कुठल्या लग्नाला' विचारायचे. शिवाय तिच्या पोटात बातमी नुसती उड्या मारत होती. पंधरवड्यापूर्वीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, त्या पूर्वीला आज बाईंनी परिपाठाला माईकसमोर उभं केलं होतं आणि ती हातात कागद न घेता दहा मिनिटं बोलली होती. तिचा आवाज पटांगणाच्या टोकापर्यंत गेला, तिथल्या चिऱ्याच्या भिंतीला लागून परत आला, आणि परत येताना तो तिच्यापेक्षा मोठा झालेला होता, एखाद्या थोरल्या बहिणीसारखा. हे सगळं एका दमात सांगत तिने बाबांच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. बाबांनी हात पुढे केला. हात पेल्याच्या शेजारून गेला, हवेत मूठ मिटली, आणि ती रिकामी मूठ बाबा सावकाश तोंडाकडे घेऊन गेले. तिचं वाक्य तिथेच थांबलं. पुढे कितीतरी वेळ ते वाक्य तिच्या जिभेवर तसंच पडून होतं, अर्धं, न संपवलेलं.

रिक्षात बाबा मध्ये, एका बाजूला आये, दुसऱ्या बाजूला ती. बाबांचा श्वास धावणाऱ्या माणसाचा होता आणि बाबा तर बसलेले होते. खोल, मोठा, भराभर, जणू कुणीतरी त्यांच्या आत होडी ओढत होतं आणि ती काही किनाऱ्याला लागत नव्हती. "काय दिसतंय तुमाला?" आयेने चौथ्यांदा विचारलं. "फेस," बाबा म्हणाले. "फेसच फेस हाय सगळीकडं. पांढरा. त्यात तू कुठंतरी हायस, गुणवंती, आवाजावरनं कळतंय." पूर्वीला वाटलं, रिक्षाच्या पुढच्या काचेतून खरंच फेस आत येतोय. दुकानांच्या पाट्या त्यात विरघळतायत, मारुती मंदिराच्या चौकातली माणसं कमरेपर्यंत त्यात बुडालीत, आणि रिक्षावाला मात्र सवयीने हॉर्न वाजवत त्यातूनच वाट काढतोय. तिने बाबांचा हात धरला. हात ओळखीचा होता, दोरखंडाने खरवडलेला, अंगठ्याच्या मुळाशी माशाच्या काट्याचा जुना काळा ठिपका असलेला. काल संध्याकाळी याच हाताने करवंटी धरली होती, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते मनातच दाबून धरलं. जाळ्याचा तरंगता बोया पाण्यात दाबून धरावा तसं. पण बोया कुठे खाली राहतो!

काल संध्याकाळी राखण होती. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस संपले, होडी सोमवारी पाण्यात जायची, आणि त्याआधी खाडीकडेच्या खडकापाशी राखणदाराला नारळ, कोंबडा आणि दारू द्यायची ही रीत. राखणदार म्हणजे त्या पाण्याचा मालक. त्याला विचारल्याशिवाय जाळं टाकायचं नाही. बायका त्या जागी जात नाहीत, पण पूर्वीला हल्ली 'जात नाहीत' या शब्दांचंच हसू यायला लागलं होतं. तिने नारळाची पिशवी हिसकावून घेतली आणि चालायला लागली. बाळाकाका, बाबांचा चुलतभाऊ, मागून ओरडला, "अगो, राखणदार घाबरंल तुला!" आणि बाबा मोठ्याने हसले. मग बाबांनी तांडेल म्हणून गाऱ्हाणं घातलं. म्हणजे होडीचा मुख्य म्हणून सगळ्यांच्या वतीने ते त्या अदृश्य मालकाशी बोलले. प्रत्येक वाक्याला बाळाकाका, रघूतात्या आणि दोघं खलाशी "व्हय महाराजा" म्हणत होते आणि भरतीचं पाणी खडकाला चापट्या मारत होतं. राखणदाराला रंगाची, दुकानातली दारू चालत नाही. त्याला लागते हातभट्टीची, पाण्यासारखी. अर्धी बाटली खडकावर ओतली. उरलेली घरी न्यायची नसते, तिथेच संपवायची, आणि पहिली करवंटी तांडेलाची. तांडेलाने नाही म्हटलं तर राखणदाराचं ताट लाथाडल्यासारखं होतं. सात वर्षं बाबा त्या करवंटीला नुसते ओठ लावून बाळाकाकाकडे द्यायचे. काल मात्र त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, गेल्या वर्षी दोनदा फाटलेलं जाळं त्यांना आठवलं असावं, आणि करवंटी वर करून सगळी पिऊन टाकली. तोंड पुसत वळले तर समोर पूर्वी. "घसा ओला करायचा मान हाय गो," ते म्हणाले, "ह्याला पिणं नाय म्हणत." आणि मग, थोड्या हळू आवाजात, "आयेला बोलू नको."

तिला काय वाटलं होतं तेव्हा? खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. बाबांनी तिच्याकडे मोठ्या माणसाकडे द्यावं तसं काहीतरी ठेवायला दिलं होतं. घरी येताना ती चिखलातून उड्या मारत आली होती. बाबा तिच्या पुढे, सरळ, न डुलता. बाकीचे चौघं मात्र तिथेच बसले होते, त्यांच्यापाशी दुकानातल्या व्हिस्कीच्या बाटल्या होत्या आणि सोमवारपर्यंतची मोकळीक होती.

इस्पितळात बाबांना पडद्याआडच्या खाटेवर निजवलं. डॉक्टर निशिगंधा नावाच्या एक तरुण मॅडम होत्या, केस घाईने बांधलेले, पायात पावसाळी चपला. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पुन्हा मारली, बोटं नाचवली, "किती?" विचारलं. बाबा सौजन्याने म्हणाले, "तुमी म्हणाल तितकी." मॅडम हसल्या नाहीत. हाताच्या नाडीतून त्यांनी रक्त काढून मशीनला लावलं आणि त्या मशीनचा कागद बाहेर आला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "रक्तात आम्ल खूप वाढलंय," त्या म्हणाल्या. "म्हणून श्वास असा चाललाय. शरीर ते आम्ल बाहेर फेकायला बघतंय. साखर आहे का यांना? नाही. किडनी? ती पण ठीक दिसतेय." पूर्वीला प्रयोगशाळेतला निळा लिटमस आठवला, आम्लात बुडवताच लाल होणारा. बाबांच्या आतून एक लांबच लांब निळा कागद वाहतोय आणि लाल लाल होत चाललाय, असं तिला दिसायला लागलं. अगदी स्पष्ट, सुंदरसुद्धा. तेवढ्यात तिला ऐकू आलं, मॅडम विचारत होत्या, "दारू घेतली होती का?"

आयेने पदर खोचला. "दारू? सात वर्षं झाली, मॅडम. थेंब नाय. हिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय त्यांनी, नारळी पुनवेच्या दिवशी. विचारा हिला. ही खोटं नाय बोलायची."

आणि दोघी तिच्याकडे वळल्या. पूर्वी म्हणाली, "नाही घेतली."

किती सहज निघालं ते. माईकमध्ये बोलावं तसं स्वच्छ. मॅडमनी मान हलवली, कागदावर काहीतरी खोडलं, आणि मेंदूचा फोटो काढायला हवा, त्यात काही नसेल तर आणखी तपासण्या, असं बोलत त्या पडद्यापलीकडे गेल्या. पूर्वी बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसली. तिने स्वतःच्या डोक्याला हात लावला. केस उन्हाने तापलेले होते. सात वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची असताना, या जागेवर बाबांचा तळवा पडला होता आणि त्याला मासळीचा, डिझेलचा आणि रडण्याचा वास होता. रडण्याला वास असतो हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. त्याआधीचे दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचे. आये मोरीत बाटली उपडी करतेय, बाबा दाराला धरून उभे आहेत पण दार त्यांना धरून ठेवत नाहीये, एक ताट गोल गोल फिरत थांबायलाच तयार नाहीये. मग तो तळवा. त्यानंतर घरात सगळं थांबलं होतं, नीट, जागच्या जागी, आणि ते सगळं तिच्या डोक्यावर तोललेलं होतं. म्हणून ती लहानपणी धावायचीसुद्धा जपून, मान न हलवता. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय शांत पोर हाय गुणवंतीची. कुणाला ठाऊक होतं, ती शांत नव्हती, ती भरलेली घागर नेत होती! आणि आता कुठे, या पंधरा दिवसांत, तिने मान हलवायला सुरुवात केली होती. आणि लगेच हे असं. तिला वाटलं, आपण एवढ्या मोठ्याने बोललो नसतो तर बरं झालं असतं.

आयेची पिशवी तिच्यापाशी होती, तिच्यातला फोन वाजला. बाळाकाका. "काय गो, बापूस कुठं हाय तुझा? इंजिन बघायला येणार होता. आमी चौघं कधीचे बसलोव."

"काका, तुम्ही बरे आहात?"

"बरे? अगो, राजे हाव राजे! रघूतात्या सकाळपासनं गाणी म्हणतंय. त्याचं तोंड बंद करायला माणूस धाड."

तिने बाबा इस्पितळात आहेत म्हणून सांगितलं, काका "येतंय येतंय" म्हणाला आणि मागे कुणीतरी बेसूर गात राहिलं. फोन ठेवताना तिच्या छातीवरची धोंड उतरली. म्हणजे ती दारू नव्हतीच कारण. तीच बाटली पाचांनी प्यायली होती. चौघं राजे आहेत, तेही बाबांपेक्षा दसपट पिऊन. मग न सांगितलेलं काय बिघडलं? बाबांचं डोकं दुखत असेल, डोळ्यांत काही गेलं असेल, कागदावरचं आम्ल कुठूनतरी आलं असेल. ती बाकावर मागे रेलली. समोरच्या आवारात एक आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या पानांतून ऊन गळत होतं, ठिपके, ठिपके, आणि ती त्या ठिपक्यांवरून पाय न बुडवता चालत कुठेतरी लांब निघाली होती.

पडद्याआडून मॅडमचा आवाज आला. त्या फोनवर कुणा मोठ्या डॉक्टरांशी बोलत होत्या. "सर, सगळं जुळतंय. आम्ल, श्वास, बाहुल्या मोठ्या, सगळं पांढरं दिसतंय म्हणतो. पुस्तकातल्यासारखी विषारी दारूची केस आहे. पण दारूच नाही, सर. बायको सांगते, मुलगी सांगते. हो, मुलगी लहान नाही, शहाणी आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, वाट बघितली तर डोळे जातील. मग जीव. पण नक्की नसताना उपचार कसा सुरू करू?"

मुलगी शहाणी आहे. पूर्वी उठली. बाक आणि पडदा यांच्यामध्ये दहा पावलं होती आणि ती दहा पावलं चालताना तिच्या डोक्यावरचं सगळं सांडत गेलं. ताट, मोरी, दार, नारळी पौर्णिमा. सांडू दे, असं काही तिने ठरवलं नाही. ते सांडलंच. आये खाटेपाशी बसून बाबांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. तिच्यासमोरच पूर्वी म्हणाली, "मॅडम, त्यांनी घेतली होती. काल संध्याकाळी पाच वाजता. करवंटीभर. मी बघितलं."

आयेचा रुमालावरचा हात तसाच राहिला.

"पण ती दारू नसेल," पूर्वी भराभर बोलत सुटली, "कारण बाकीच्या चौघांनी पण तीच घेतली, आणि ते ठणठणीत आहेत, आत्ताच फोन..."

"ते अजून पितायत का?" मॅडमनी मध्येच विचारलं.

"हो. कालपासून. दुकानातली."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. मग त्या पूर्वीशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. "ऐक. दारूच्या दोन जाती समज. एक पिण्याची, एक पॉलिश, रंग, थिनरमधली. दोन्ही पाण्यासारख्या. दुसरी पोटात गेली तरी लगेच काही करत नाही. आपलं यकृतच सावकाश तिचं विष बनवतं. पण पिण्याची दारू असली की यकृत आधी तिला हातात घेतं आणि दुसरीला दारात उभी ठेवतं. तुझ्या बाबांनी त्या करवंटीनंतर काहीच घेतलं नाही. म्हणून त्यांचं विष झालं. त्या चौघांच्या दारात ते अजून उभं आहे. त्यांची उतरायला लागली की आत येणार."

न पिणारा माणूस पहिला पडला होता. पूर्वीला ते कळलं आणि त्याच क्षणी ते इतकं अन्यायाचं वाटलं की रडूसुद्धा आलं नाही. तिने फोन लावला.

"काका, राखणीची बाटली कुठून आणलीत?"

"का गो?" आवाज सावध झाला. "तुझी आये हाय काय बाजूला?"

"डॉक्टर आहेत बाजूला. सांगा."

"दरवर्षी काशीआजीकडनं आणायचो, तिची भट्टी बंद झाली ना... टेम्पोवर कोणतरी आला होता. एक नंबर माल म्हणाला, पाण्यासारखा. तुझ्या बापसाला सवय नाय रायली, लागली असंल त्याला, झोपंल आणि..."

"रघूतात्यांचं गाणं का ऐकू येत नाही?"

"झोपलाय तो. आत्ताच, गाता गाता."

तेव्हा तिचा तो आवाज आला, पटांगणाच्या भिंतीवरून मोठा होऊन परत येणारा. "बाळाकाका, त्यांना उठवा! चौघंही रिक्षात बसा आणि आत्ता इस्पितळात या. ते विष आहे. बाबांना दिसत नाहीये. तुमची उतरली की तुमची पाळी. बाटलीत काही उरलं असेल तर ती पण आणा. आणि काका, हसाल तर बघा!" व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडे बाळाकाका हसला नाही. "रघ्या, ऊठ रे, ऊठ मेल्या," एवढंच लांबून ऐकू आलं.

मग आये. पूर्वीला वाटलं होतं आये ओरडेल, नाहीतर उठून निघून जाईल. आयेने तिच्याकडे बघितलं, फार लांबून, खाडीच्या पलीकडच्या तीरावरून बघावं तसं. "काल रात्री जेवताना मला वास आला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, नसंल. मी पण म्हटलं, नसंल."

मॅडमनी भराभर सगळं सांगितलं. रक्त धुवायचं मशीन सात वाजता मोकळं होईल. विष थांबवायचं खास इंजेक्शन इथे नाही, कोल्हापुरात विचारतोय. तोपर्यंत एकच उपाय हाताशी आहे, जुना आणि खात्रीचा. पिण्याचीच दारू, चांगली, सीलबंद, नाकातल्या नळीने, वजनाप्रमाणे मोजून, दर तासाला. "आणायला कुणी आहे का?"

"मी जातंय," आये म्हणाली.

पूर्वी तिच्यामागून धावली. तो रस्ता पुढे तिला नेहमी स्वप्नासारखाच आठवायचा. ऊन, डबक्यांतलं आकाश, आणि आयेची न वळणारी पाठ. दुकानाच्या जाळीपाशी पाच-सहा पुरुष होते. ते आपोआप बाजूला झाले, जशी माणसं प्रेतयात्रेला वाट देतात. जाळीआडचा माणूस गोंधळला. "काय हवंय, वहिनी? थंड पाण्याची बाटली पुढच्या दुकानात..."

"दारू हवी. चांगल्यातली. झाकणाचं सील मला दाखवा."

"कुणासाठी?"

"नवऱ्यासाठी," आये स्पष्ट म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. आयेने वळून त्याच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि त्याचं हसू तोंडातच मिटलं. कागदात गुंडाळू का, असं दुकानदाराने विचारलं तर ती नको म्हणाली. बाटली तिने उघडी हातात धरून आणली, चौकातून, ओळखीच्या कोळणींसमोरून, हेडमास्तरांच्या बायकोसमोरून. पूर्वीला वाटलं, आपल्या परिपाठाच्या भाषणात काही नव्हतं. एक शब्द न बोलता पटांगण गाजवणारी बाई तर ही पुढे चालली आहे.

पण बाबा ऐकेनात. सिस्टरने नाकाशी नळी नेली, "गिळा, काका, गिळा," म्हणाली, आणि बाबांना तेवढ्यात शेजारच्या उघड्या बाटलीचा वास आला. त्यांनी तोंड फिरवलं. श्वास पुरत नव्हता, तरी धापा टाकत म्हणाले, "नाय. काल चुकलो मी. आता नाय. पोरीच्या डोक्याची शपथ हाय." दोघांनी हात धरले तरी ते मान हलवत राहिले, आंधळे डोळे छताला लावून, अडून बसलेल्या पोरासारखे. आये पुढे झाली. तिने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "अहो, ऐका. शपथ मी घ्यायला लावली होती. सोडवतंय पण मीच. सुटली शपथ." बाबा थांबले. "गुणवंती, तुला कळलं?" "कळलं." "पोरगीनं सांगितलं?" "व्हय. म्हणून जिते हाव तुमी. आता गिळा." बाबांनी गिळलं. गळ्याची गाठ वरखाली झाली, नळी आत गेली, आणि बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं. पूर्वीने स्वतःची मान झाडली, घोड्याने झाडावी तशी. काहीच पडलं नाही. आता काही उरलंच नव्हतं तिथे.

चार वाजता बाळाकाका आणि मंडळी आली. रघूतात्याला खांद्यावर घातलं होतं आणि 'झोपमोड केली' म्हणून तो सगळ्यांच्या आयांचा उद्धार करत होता. मॅडमना त्या शिव्या भजनासारख्या गोड वाटल्या असाव्यात, त्या पहिल्यांदा हसल्या. चार खाटा, चार नाड्या, चार मशीनचे कागद. रघूतात्याचं रक्त आंबायला लागलेलं होतं, बाकीच्यांचं अजून नाही. "वेळेत आणलंस," त्या पूर्वीला म्हणाल्या. "आणि बाबांचे डोळे?" "ते परवापर्यंत कळेल. थोडं येईल, पुष्कळ येईल, किंवा... बघू या." पूर्वीने मान डोलावली. बाबांच्या पायथ्याशी बसून ती त्यांचा श्वास मोजत राहिली. तो अजून खोलच होता, पण मध्ये मध्ये एखादी फट पडायला लागली होती, लाटेनंतर लाट यायला उशीर व्हावा तशी. वॉर्डात ऊन लांब लांब झालं, फरशीवरून सरकत खाटेच्या लोखंडावर चढलं. डॉक्टर, आया, सलाइनचे स्टँड, सगळं त्या उन्हात हळूहळू तरंगत होतं, आणि पूर्वीच्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या.

आये मात्र ताठ बसली होती. सात वर्षं नवरा घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी जिची नजर भिंतीवरच्या घड्याळाला खिळायची, ती आता वॉर्डातल्या घड्याळाकडे तशीच बघत होती. मोठा काटा बारावर टेकला. सिस्टर पलीकडे रघूतात्याशी भांडत होती. आये उठली, पदर सावरला, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सिस्टर, पाच वाजले. आमच्या ह्यांची दारू राहिलीय. लवकर द्या."